बॅटरीवरचं कुंकू

आमच्या वडिलांचं गॅरेज मुठ्यात, गावच्या रस्त्याला लागूनच आहे. गॅरेज आपलं म्हणायचं. चार पत्रे, एक बाक आणि तेलानं काळी झालेली जमीन. पस्तीसेक वर्षं ते इथं मोटरसायकली दुरुस्त करतायत. गाडी आली की पान्याला हात लावायच्या आधी ते मालकाला एकच गोष्ट विचारतात, "कुणी हात लावला व्हता का?" म्हणजे गाडीत कुणी काही खोललं, जोडलं, ओढलं का. उत्तर येईपर्यंत ते फडक्यानं हात पुसत बसतात. हात स्वच्छ असले तरी पुसतात.

लवळ्याच्या कॉलेजातला एक विद्यार्थी एकदा भारीतली गाडी ढकलत घेऊन आला. "नाही हो काका, आपोआपच बंद पडली," म्हणाला. वडील हात पुसत राहिले. विद्यार्थी मोबाइल बघून झाला, रस्ता बघून झाला, शेवटी म्हणाला, "काका, हॉर्न बदलला होता मी. व्हिडिओ बघून." "मग आसं सांग की," म्हणून वडील उठले आणि चहा यायच्या आत गाडी चालू करून दिली. लपवणाऱ्याचा त्यांना राग येत नसे, कंटाळा यायचा. पण एखाद्याचं "नाही" त्यांना एकदा पटलं, की ते त्यावर पुरता भरवसा टाकून पुढचं काम करत. मग त्या बाजूला ते पुन्हा बघतही नसत.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी हाच प्रश्न मला विचारला आणि मी "न्हाई" म्हणालो. त्या एका शब्दापायी माझे वडील दोन आठवडे असं समजून चालले होते, की आपलं डोकं आता कामातून गेलं.

मी लवळ्यालाच एका वसतिगृहात कारकून आहे. खोल्यांच्या चाव्या, पंख्यांच्या तक्रारी, जेवणाच्या तक्रारी, यात माझा दिवस जातो. मेकॅनिकचा मुलगा असूनही गाडीतलं मला बेताचंच कळतं. पण बरंच कळतं असा माझा तेव्हा समज होता. काही न कळणारा निदान गाडीपासून लांब तरी उभा राहतो.

खंडेनवमीला आमच्याकडे गॅरेज बंद असतं. आदल्या दिवशी वडील सगळे पाने रॉकेलनं धुतात, पुसतात आणि सकाळी बाकावर धुतलेलं धोतर अंथरून लहान-मोठे ओळीनं मांडतात. हवेचा पंप, हातोडी, आवाज ऐकायचा लांब स्क्रूड्रायव्हर, सगळं. हा स्क्रूड्रायव्हर म्हणजे त्यांची जादू. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला; आतलं काय वाजतंय ते त्यांना त्यातून कळतं. आई सगळ्यांना हळद-कुंकू लावते, झेंडूची फुलं वाहते. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही. वडील काही फार देवदेव करणारे नाहीत, पण या एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. "वरीसभर राबत्यात," म्हणतात, "एक दिस इसावा नगं का त्यांस्नी?"

त्या वर्षी त्या ओळीत आमच्या स्वतःच्या मोटरसायकलची बॅटरीही होती. चार्जिंगला लावलेली होती, ती वडिलांनी तशीच पूजेत मांडली. आईनं तिच्या एका टोकाला हळदीचं बोट लावलं आणि दुसऱ्याला कुंकवाचं.

दुपारी दोघं देवीच्या देवळात होमाला गेले. मी घरी एकटा. तेवढ्यात मारुंजीहून मित्राचा फोन आला. त्यानं तिथं भाड्यानं नवी खोली घेतली होती, चार जण जमलेत, तू पण ये म्हणाला. कारण इतकं फालतू होतं. माझ्याकडे तेव्हा स्वतःची गाडी नव्हती. मी विचार केला, बॅटरी उचलायची, लावायची, जाऊन यायचं, परत होती तिथं ठेवायची. कुणाला कळतंय!

पूजेतला दहाचा पाना उचलला, बॅटरी उचलली. गाडीचं बाजूचं झाकण काढलं. आत दोन वायरी, दोन्ही मळून काळ्या. लाल टोपण कधीच पडून गेलेलं. वडिलांना त्याची गरजच नव्हती. पण फ्यूज असलेली वायर अधिकच्या टोकाला लावायची, एवढं मला माहीत होतं. आणि अधिक म्हणजे लाल. बॅटरीचं एक टोक लालभडक दिसतच होतं. ती वायर मी त्या टोकाला लावली आणि दुसरी टेकवली.

टप्प असा बारीक आवाज झाला. ठिणगी उडाली आणि जळक्या रबराचा वास आला. मी वायरी ओढून काढल्या. अंगठ्यानं कुंकू पुसलं तर त्याच्याखाली बॅटरीवर कोरलेली वजाबाकीची रेघ.

खरं तर तिथंच थांबायचं. मी थांबलो नाही. उडालेला फ्यूज काढला, शेजारी खोचून ठेवलेला जादाचा घातला, वायरी बरोबर जोडल्या आणि किक मारली. गाडी चालू झाली! चला, वाचलो, असं वाटलं. मारुंजीला गेलो, चहा प्यालो, खोली बघून छान छान म्हणालो. येताना मात्र गाडी तापल्यावर चढाला अडखळायला लागली. मध्येच दम सोडल्यासारखी व्हायची आणि पुन्हा ओढायची. आमच्याकडे त्याला मिसिंग मारणं म्हणतात. कसाबसा घरी पोचलो. वडील अजून आले नव्हते.

पुढचं मी फार मन लावून केलं. बॅटरी काढून धोतरावर होती त्याच जागी ठेवली. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि आईचं बोट होतं तिथंच, त्या वजाच्या टोकावर, पुन्हा कुंकू लावलं. पाना पुसून ओळीत ठेवला, त्याच्यावरचं फूल सरळ केलं. जादाचा फ्यूज जागेवर नाही हे वडिलांच्या लक्षात येईल म्हणून डब्यातून दुसरा शोधला. तो जरा चकचकीत दिसला म्हणून ग्रीसमध्ये बोट बुडवून त्याला मळवला. वसतिगृहाच्या कामात मी कधी इतका नीटनेटकेपणा दाखवला नव्हता. आज ते आठवलं की त्या ग्रीसच्या बोटाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दसऱ्याला पूजा झाल्यावर वडिलांनी स्वतःच्या हातानं बॅटरी गाडीला लावली, हार घातला आणि आईला मागे बसवून सोनं वाटायला गेले. परत आले ते गाडी बंद करून तिच्याकडे बघत उभेच राहिले. मी पायरीवर बसलो होतो.

"गाडीला कुणी हात लावला व्हता का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी फडकंसुद्धा हातात घेतलं नाही. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

इथं मला माझ्या थोरल्या चुलत्यांबद्दल सांगायला हवं. वडिलांचे हे मोठे भाऊ. शेवटची चार-पाच वर्षं त्यांना काही आठवत नसे. आधी वस्तू विसरायचे, मग माणसं, मग घर. सकाळी उठून ओढ्यापलीकडे जायचे. तिथं त्यांचं शेत होतं, पण ते कधीच विकलेलं, तिथं आता शनिवार-रविवारच्या लोकांचा बंगला आहे. चुलते त्या बंगल्याच्या फाटकाशी बसून रखवालदाराला विचारायचे, "माझी बैलं कुटं बांधलीस?" तो बिचारा हिंदी बोलणारा, पाणी द्यायचा आणि आम्हाला फोन करायचा. मग वडील याच मोटरसायकलवरून जात. भावाला मागे बसवत, तो वाटेत पडू नये म्हणून उपरण्यानं त्याला स्वतःच्या कमरेशी बांधत आणि सावकाश घरी आणत. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एकदा घरी आल्यावर उपरणं सोडताना ते आईला म्हणाले होते, "थोरल्याची सुरवात बी बारीक बारीकच चुकीनं झाली व्हती."

दसऱ्यानंतर ते गाडीच्या मागे लागले. आधी प्लग काढला, घासला, ठिणगी बघितली. ठिणगी चांगली होती. मग कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलची नळी फुंकली, हवेची जाळी झाडली. प्रत्येक वेळी गाडी थंड असताना गोड चालायची आणि वडील ती घेऊन चढाला जायचे, आणि तिथून मिसिंगचा आवाज मला गॅरेजात ऐकू यायचा. परत आले की लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावून डोळे मिटून बसायचे. मी विचारायचो, "काय वाजतंय?" ते म्हणायचे, "काय न्हाई."

मला गाडीतलं बेताचं कळत असलं तरी एक गोष्ट विचित्र वाटत होती. जो माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिच्या इंजिनातला टॅपेट ढिला आहे हे सांगायचा, तो एकच कार्बोरेटर तिसऱ्यांदा का धुतोय? त्यांना खरंच सापडत नाहीये, असं मी धरून चाललो. आणि खरं सांगतो, मला बरंही वाटलं. सापडत नाही म्हणजे मीही सापडणार नाही.

मग हळूहळू दुसरंच काही दिसायला लागलं. लवळ्याची एक गाडी आली, वायरिंगचं काम होतं. वडिलांनी "पिरंगुटला दावा, माज्याच्यानं न्हाई व्हायचं" म्हणून ती परत पाठवली. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. गाडी खोलली की पेन्सिलीनं पत्र्यावर लिहून ठेवायला लागले, कुठली वायर कुठं होती ते. एकदा मी कामावरून आलो तर आईला अंगणात उभं करून पाढे म्हणून दाखवत होते. एकोणतिसाचा पाढा. मला बघून थांबले आणि म्हणाले, "काय न्हाई, आसंच."

मला तेव्हा कळलं. कळलं, तरीही मी बोललो नाही. का नाही बोललो? भित्रेपणा म्हणा. पहिल्या दिवशी पूजेतलं हत्यार उचलल्याची भीती होती. आता इतके दिवस गप्प बसल्याची लाज होती, आणि ती रोज वाढत होती. मी स्वतःला सांगत होतो, की एखादा दुसरा मेकॅनिक दोष काढेल, गाडी नीट होईल आणि सगळं आपोआप मिटेल. आपोआप! तो हॉर्नवाला विद्यार्थीही हेच म्हणत होता, आणि त्यानं निदान थोड्या वेळानं तरी तोंड उघडलं होतं.

दिवाळीला चार दिवस होते. रविवारची सकाळ. डोंगरावरच्या वस्तीतला एक ओळखीचा माणूस गाडीला नवी बॅटरी बसवून घ्यायला आला. हे काम वडील गप्पा मारता मारता, न बघता करतात. त्या दिवशी त्यांनी बॅटरी ठेवली, वायरी हातात घेतल्या आणि तसेच थांबले. एकदा बॅटरीकडे, एकदा वायरींकडे बघितलं. वायर टोकाजवळ नेली, परत मागे घेतली. मग मला हाक मारली.

"जरा बघ रं. बराबर लावतुया न्हवं मी?"

लाल वायर लाल टोकाशी होती. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. तो गिऱ्हाईक माणूस हसला, त्याला थट्टा वाटली. वडील हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी काय सांगतो याची खरोखरच वाट बघत होते.

"बराबर हाय," मी म्हणालो.

घरात गेलो तर आई म्हणाली, उद्या तुझ्या वडिलांना घेऊन पौडला डॉक्टरकडं जायचंय, तू रजा टाक. कशासाठी, असं विचारलं तर तिनं पदर तोंडाला लावला. "डोक्याचं दावायचंय म्हनत्यात. थोरल्या भाऊजींवानी व्हाया लागलंय म्हनत्यात."

मी तसाच उलट पावली गॅरेजात आलो. गिऱ्हाईक गेलं होतं. वडील बाकावर बसले होते. बसावंसं वाटलं नाही म्हणून मी उभ्याउभ्याच बोललो.

"दादा, खंडेनवमीला तुमी देवळात गेलता तवा गाडी मी नेली व्हती. बॅटरी मी लावली व्हती. उलटी लावली व्हती."

वडिलांनी शेजारचं फडकं उचललं आणि हात पुसायला लागले. मला वाटलं आता कानाखाली बसेल. बसायला हवी होती.

"फ्यूज?" त्यांनी विचारलं.

"उडाला व्हता. बदलला मी."

"जादाचा मळका कसा मग?"

"मीच मळवला."

ते हात पुसत राहिले. मी सगळं सांगितलं, मारुंजी, चहा, करंडा, ओळीत परत ठेवलेला पाना. शेवटी त्यांनी विचारलं, "कुंकू वजाच्या टोकाला व्हतं व्हय?"

"व्हय."

मग त्यांनी फडकं गुडघ्यावर ठेवलं. "मंजी मी बराबरच लावली व्हती," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशी. आणि पुन्हा एकदा, "दसऱ्याला मी बराबरच लावली व्हती." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात मी त्यांना रडताना दोनदा पाहिलंय, चुलते गेले तेव्हा आणि हे.

मग ते उठले, फळीवरच्या डब्यांमागे हात घातला आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी काळी डबी काढली. गाडीतला सीडीआय; प्लगला ठिणगी पाठवणारी हीच. बॅटरी उलटी लागली की ही अर्धवट जळते, थंड असेपर्यंत चालते आणि तापली की दगा देते. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "ही कवा आनली?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"मंजी तुमाला कळलं व्हतं?"

"चढावरच कळलं व्हतं. कानाला कळतंच की." ते गाडीचं झाकण काढत होते. "पन बॅटरी मी लावली व्हती. तू हात लावला न्हाई म्हनलास. मंग उलटी लावली कुनी? मीच. आन मला आटवत बी न्हाई."

"मग ही बदलून का न्हाई बघितली?"

त्यांचा हात थांबला. "बदलली आसती आन गाडी नीट झाली आसती, तर मंग ठरलंच आसतं ना, का म्या उलटी लावली. तवर निदान कार्बोरेटर आसंल, प्लग आसंल, आसं म्हनता येत व्हतं."

दोन आठवडे ती डबी त्या फळीवर होती, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून धुतलेला कार्बोरेटर पुन्हा धूत होता. त्यांच्या कानानं एक सांगितलं होतं आणि मुलानं दुसरं. त्यांनी कानाला खोटं ठरवलं, हाताला खोटं ठरवलं, डोक्याला खोटं ठरवलं. माझ्यावर शंका घेणं तेवढं त्यांना सुचलं नाही.

डबी बदलायला त्यांना पाच-सात मिनिटं लागली. गाडी घेऊन ते एकटेच चढाला गेले. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज एकसारखा वर चढत गेला आणि वळणामागे गेला. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता. पौडला जाणं रद्द झालं. माझ्यावर ते त्या दिवशी रागावले नाहीत की नंतरही रागावले नाहीत. आईनं मात्र कसर भरून काढली. "बापाचं डोस्कं शाबूत हाय, पोराचंच गेलंय," असं ती दिवाळीभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आणि मी मान खाली घालून करंज्या खात होतो.

तेव्हापासून गॅरेज पूर्वीसारखं चालू आहे. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ते डोळे मिटतात आणि दोष सांगतात. लवळ्याची गाडी आली तर वायरिंगचं काम आधी मागून घेतात. गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारतात आणि फडक्यानं हात पुसत बसतात. खंडेनवमीला बॅटरी असलीच तर आई आता हळदीचं आणि कुंकवाचं बोट मधोमध लावते.

मी मागच्या वर्षी एक जुनी मोटरसायकल घेतली. गेल्या महिन्यात ती सकाळी चालू होईना. ढकलत गॅरेजात नेली आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. काल संध्याकाळी बरी होती, मी काही खोललं नाही, बॅटरीला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. मग खाली बसले, बाजूचं झाकण काढलं आणि आधी फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला.